टपाची मॉरिस मायनर घरी उभी करताना: आधी दार, मग पत्रा, रंग सगळ्यात शेवटी

टप उघडता येणारी जुनी गाडी दारात आली की लोक पहिल्या दिवशी रंगाचं कार्ड घेऊन बसतात आणि दुसऱ्या दिवशी इंजिन उतरवतात. दाराखालचा सडलेला पत्रा मात्र सवडीने बघू म्हणून राहून जातो. सल्ले देणारेही बहुतेक याच क्रमाने सांगतात. गोव्यात डिचोलीला आमच्या घरामागच्या मांगरात, म्हणजे शेडमध्ये, मी अशा तीन गाड्या केल्या. पहिली चुकीच्या क्रमाने केली आणि तिची दोन वर्षं फुकट गेली. म्हणून जे सोपं आहे ते इथे एका ओळीत उरकतो आणि जिथे गाडी खरोखर बिघडते तिथे थांबतो.

उदाहरण मॉरिस मायनरचं घेतो. 1948 साली आलेली ही गाडी अलेक इसिगोनिसने आखली. एकूण सोळा लाखांच्या आसपास बनल्या आणि टपाचा प्रकार 1969 पर्यंत निघत होता. हिला वेगळी चासी नाही, पत्र्याची बॉडी हीच चासी. बंद गाडीत छप्पर हा सांगाड्याचा भाग असतो. टपाच्या गाडीत तो भागच नसतो. आगपेटीचा आतला खण बाहेर काढून दोन बोटांनी पिळून बघा, कसा वाकतो ते. तोच खण कव्हरात सरकवला की ताठ होतो. आपल्याकडे फक्त खण आहे. त्याला ताठ ठेवतात त्या दोन्ही दारांखालून जाणाऱ्या बंद पेट्या. गॅरेजवाले त्यांना सिल म्हणतात. कारखान्याने टपाच्या मायनरला या सिलमध्ये जादा पत्रा दिला होता. म्हणून बंद मायनरचे सिल आणून बसवले की काम झालं, असं कुणी म्हणालं तर ऐकू नका. जादा पट्ट्याही बसवाव्याच लागतात.

गोव्यात या पेट्यांचे हाल होतात. वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस, किनाऱ्याला खारी हवा आणि आमच्या बाजूला वर्षानुवर्षं बसलेली खनिजाची धूळ. धूळ पेटीत साठते, ओल धरून ठेवते आणि पत्रा आतून खाते. बाहेरून रंग शाबूत दिसतो. स्क्रू-ड्रायव्हरच्या मुठीने ठोकत जा. टणटणीत आवाज आला तर ठीक, भद्द आवाज आला तर तिथे पत्रा नाही, लांबी (पुटी) आहे.

वेळ सांभाळा. दसऱ्यानंतर गाडी उघडायची, पत्र्याचं काम मार्चपर्यंत संपवायचं, रंग एप्रिलात. जूनमध्ये घासलेला पत्रा रात्रीत लाल होतो आणि दमट हवेत मारलेला रंग पांढुरका पडतो.

उघडण्याचं काम सोपं आहे. सीट, कार्पेट, आतले पुठ्ठे काढा, प्रत्येक गोष्टीचा फोटो घ्या, नटबोल्ट डब्यांत नावं घालून ठेवा. पेट्रोलची टाकी आणि बॅटरी मात्र वेल्डिंगच्या आधी गाडीतून बाहेर गेलीच पाहिजे. टाकी नुसती रिकामी करून चालत नाही. रिकाम्या टाकीतली वाफ भरलेल्या टाकीपेक्षा वाईट पेटते.

आता मुद्द्याचं काम. पहिल्या गाडीत मी काय केलं ते आधी सांगतो. काम मोकळं व्हावं म्हणून दारं उतरवली, चार कोपऱ्यांना जांभ्या दगडाचे चिरे लावून गाडी उचलली आणि दोन्ही बाजूंचे सिल एकाच दिवशी कापून काढले. नवीन सिल सुंदर बसले. महिन्याने दारं लावायला गेलो तर डावं दार वरच्या बाजूला मागच्या खांबाला घासत होतं आणि खाली बोट जाईल एवढी फट. गाडी मधोमध खाली बसली होती आणि तशीच वेल्ड झाली होती. शेजारचे मेस्त (कारागीर) बघून एवढंच म्हणाले, "भाई, दार काढायचं नसतं. दार हीच तुमची फुटपट्टी." दोन्ही सिल पुन्हा कापावे लागले.

चिऱ्यांबद्दल स्वतंत्रपणे सांगतो, कारण आपल्याकडे अंगणात चिरे पडलेलेच असतात आणि हात आपोआप तिकडे जातो. चिरा भिंतीत चांगला. जॅकच्या धक्क्याने तो सांगितल्याशिवाय फुटतो. चिऱ्यावर टेकवलेल्या गाडीखाली कधीही शिरू नका. मी शिरलो होतो आणि आजही तो दिवस आठवला की पोटात गोळा येतो.

बरोबर पद्धत अशी. गाडी स्वतःच्या चाकांवर उभी राहू द्या, म्हणजे वजन रस्त्यावर जसं येतं तसंच येईल. चारही चाकांखाली जाड लाकडाचे ठोकळे आडवे-उभे रचून फूटभर उंची घ्या. मी फणसाच्या जुन्या वाशांचे तुकडे वापरतो. बॉडीखाली लोखंडी स्टँड बोटभर अंतर सोडून उभे करा. ते वजन घेण्यासाठी नाहीत, तुमच्या जिवासाठी आहेत. मग गवंड्याची पाण्याची नळी घेऊन चारही टोकं एका पातळीत आहेत का ते बघा. मांगरातली जमीन कधीच सपाट नसते.

त्यानंतर दारं. आधी बिजागरी तपासा. दार उघडून त्याचं मागचं टोक वर उचला. खालीवर हललं तर बिजागरीची पिन झिजली आहे. ती बदलल्याशिवाय पुढे जाऊ नका, नाहीतर बिजागरीचा दोष बॉडीच्या माथी माराल. मग दार बंद करून भोवतालची फट बघा. सगळीकडे साधारण 4 ते 5 मिलिमीटर हवी. वरती कमी आणि खाली जास्त असेल तर गाडी मधे बसली आहे. उलटं असेल तर टोकं झुकली आहेत.

मधे बसली असेल तर सिलच्या आतल्या बाजूला, पुढच्या सीटखालून आडव्या जाणाऱ्या पेटीच्या, म्हणजे क्रॉसमेंबरच्या, टोकाजवळ लाकडी फळी ठेवून खालून जॅक लावा. पाव फेरा द्या, थांबा, दार लावून बघा. पुन्हा पाव फेरा. फट सरळ झाली की जॅक तिथेच राहू द्या. हे करताना घाई कराल तर सडलेला पत्रा फाटून जॅक आत घुसेल. माझी इथे एक संध्याकाळ जाते आणि ती मी मोकळी ठेवतो.

आता टेकू. 25 मिलिमीटरचा चौकोनी लोखंडी पाइप घ्या, दोन मिलिमीटर जाडीचा. प्रत्येक दाराच्या आतल्या बाजूने, बिजागरीच्या खांबापासून मागच्या खांबापर्यंत एक आडवा, एक तिरका. मग दोन मागच्या खांबांमध्ये गाडीच्या रुंदीभर एक, डॅशबोर्डखाली एक. पाइप आतून असा बसला पाहिजे की दार पूर्ण बंद होईल. दार बंद होत नसेल तर टेकूचा उपयोग नाही. टाके अशा ठिकाणी घाला जिथे पुढे पुठ्ठा येणार आहे.

बहुतेक लोक एक चूक करतात, आणि दुसऱ्या गाडीत मीही ती करता करता वाचलो. गाडी बसलेली असतानाच ते टेकू वेल्ड करून मोकळे होतात. वाकडं हाड तसंच प्लास्टरमध्ये घालण्यासारखं आहे ते. आधी फट सरळ, मगच टेकू. टेकू लागला की दाराच्या चौकटीचे दोन्ही कर्ण टेपने मोजा आणि आकडे त्या पाइपवरच खडूने लिहा. दोन्ही बाजूंचे आकडे जुळले पाहिजेत.

मग कापा, एका वेळी एकच बाजू. पहिली बाजू पूर्ण वेल्ड होऊन दार नीट बसल्याशिवाय दुसरीकडे ग्राइंडर लावायचा नाही. आधी बाहेरचा पत्रा काढा, आतलं काय शिल्लक आहे ते बघा. सगळ्यात वाईट जागा क्रॉसमेंबरची टोकं. ही पेटी दोन्ही बाजूंना सिलला जोडलेली असते आणि पुढच्या चाकांच्या टॉर्शन बारचं, म्हणजे पिळून स्प्रिंगचं काम करणाऱ्या दांड्याचं, मागचं टोक तिच्यातच अडकवलेलं असतं. त्या बारमध्ये ताण भरलेला असतो. तिथला पत्रा गेला असेल तर बारचा ताण सोडवल्याशिवाय काहीही कापू नका. हे काम आधी केलेला माणूस शेजारी असू द्या.

नवीन पत्रा 18 गेजचा, म्हणजे सुमारे 1.2 मिलिमीटर. "तीन मिलिमीटरची प्लेट टाका, जन्मभर बघायला नको," हा सल्ला मला किमान चार जणांनी दिला आहे आणि तो पूर्ण चुकीचा आहे. जाड प्लेट वितळायला जी उष्णता लागते ती शेजारच्या पातळ खांबाला जाळते आणि पहिल्या दोन पावसांत तडा तिथूनच जातो. आर्क वेल्डिंगही नको, मिग (बारीक तार सोडत वेल्ड करणारं) मशीन भाड्याने आणा. ब्रिटनमध्ये मायनरचे सिल आणि क्रॉसमेंबरची टोकं आजही नवीन बनतात. कस्टम ड्युटी परवडत नसेल तर पत्रा वाकवणाऱ्याकडे जुना तुकडा नमुना म्हणून न्या. तो तुकडा टाकून देऊ नका, कितीही सडलेला असो.

वरच्या पत्र्याला दर 30 मिलिमीटरवर 6 मिलिमीटरचं भोक पाडा, जिथे दोन पत्रे भिडतील तिथे जस्ताचा प्रायमर लावा, क्लॅम्पने आवळा आणि वेल्डने भोकं भरत जा. पण ओळीने नाही. एक पुढे, एक मागे, एक मधे. चार टाके झाले की हात काढा आणि दार लावून बघा. फट बदलली असेल तर पत्रा उष्णतेने ओढला आहे, तो टाका आत्ताच कापता येतो. वीस टाके घातल्यावर कापता येत नाही. पाणी टाकून थंड करू नका, पत्रा आखडतो. वेल्डिंग चालू असताना पाण्याची बादली आणि वाळू हाताशी, आणि काम संपल्यावर तासभर मांगर सोडायचा नाही. आतल्या कापसात ठिणगी गपचूप धुमसत राहते.

दोन्ही बाजू झाल्या की टेकू लगेच काढू नका. खालचा जॅक आधी हळूहळू सोडा, दार बघा, मग टेकू कापा, पुन्हा दार बघा. शेवटी मागच्या एका चाकाजवळ जॅक लावून तो कोपरा उचला. त्या बाजूचं दार उघडतं-मिटतं तसंच राहिलं तर तुमचं काम पक्कं. या परीक्षेत तिसऱ्या गाडीचं दार एका बोटाने मिटलं, तेव्हा घरच्यांना बोलावून मी ते दहादा मिटवून दाखवलं.

घासलेल्या पत्र्याला त्याच दिवशी इपॉक्सी प्रायमर. नुसत्या रेड ऑक्साइडवर पावसाळा काढू नका, त्यातून ओल झिरपते. गंजावर डांबर फासण्याची आपल्याकडची सवयही सोडा, डांबराखाली गंज निवांत वाढतो. रंग झाल्यावर पेटीच्या आत मेण फवारा आणि सिलखालची पाणी जाण्याची भोकं तारेने मोकळी ठेवा. लांबी आणि रंगाने ती हमखास बुजतात.

रंग बाहेर द्या. टू-के (हार्डनर मिसळून मारायच्या) रंगातलं आयसोसायनेट हे विषारी रसायन फुफ्फुसात जातं, कापडी मास्क त्याला अडवत नाही.

इंजिन सरळ आहे, कुठलाही जुना मेकॅनिक बांधून देईल. ब्रेकचे पाइप, होज, रबरं सगळी नवीन. मास्टर सिलिंडर ड्रायव्हरच्या पायाखाली बॉडीच्या पेटीत बसतो आणि त्याचे बोल्ट टॉर्शन बारला अडतात, म्हणून क्रॉसमेंबरचं काम चालू असतानाच तो काढून घ्या. मायनरला बॅटरीचं प्लस टोक बॉडीला जोडलेलं असतं, इलेक्ट्रिशियनला हे आधी सांगा. पुढच्या चाकांच्या ट्रनियनना (चाक ज्यावर वळतं त्या सांध्यांना) दर दीड हजार किलोमीटरला ग्रीस. ते कोरडे पडले तर चालत्या गाडीचं चाक दुमडतं.

टप शिवायला रिक्षाचे टप शिवणारा कारागीर उत्तम, त्याच्या हाताला तो ताण ठाऊक असतो. माप गाडीवरच घ्यायचं, सांगाडा उभारून, दारांच्या काचा वर करून. म्हणूनच टप दारांच्या नंतर. सुती दोरा नको, दोन पावसांत कुजतो. पॉलिएस्टरचा वापरा. शेवटचं ताणणं एप्रिलच्या भर दुपारी करा, ऊन लागलं की कापड सैल होऊन नीट बसतं. मग तीन आठवडे टप उघडायचा नाही.

कागदपत्रांचं एक. 50 वर्षांहून जुन्या गाड्यांसाठी केंद्राने 2021 मध्ये विंटेज नोंदणीचे नियम आणले. नंबरात "व्हीए" अक्षरं येतात, नव्या नोंदणीचं शुल्क 20,000 रुपये आणि दहा वर्षांनी पुन्हा नोंदणीचं 5,000. अट अशी की गाडी मूळ रूपात हवी, बॉडी, चासी, इंजिनात मोठा फेरफार नको. बंद मायनरचं छप्पर कापून टपाची गाडी करून देणारे आहेत, त्यांच्यापासून लांब राहा. अशी गाडी या नियमात बसत नाही आणि तिच्या सिलमध्ये तो जादा पत्राही नसतो. विकत घेताना हेच पहिलं तपासा. तुमच्या दुरुस्तीचे फोटो तारखेसह जपून ठेवा.

आणि पावसात भिजलेला टप ओला असताना खाली घेऊ नका. मांगरात उभा ठेवून पंखा लावा आणि घडीच्या जागी हात फिरवून कोरडा लागला की मगच मिटा. चवथीच्या (गणेश चतुर्थीच्या) आसपास हवा इतकी दमट असते की एका रात्रीत घडीत बुरशी धरते, आणि तिचे काळे ठिपके कापडातून पुन्हा जात नाहीत.