पळताना कंबर धरते? मग कमरेच्या आधी खुब्यांकडे बघा

साताऱ्याजवळच्या यवतेश्वरचा घाट पळत चढताना दम लागतो हे माहितीच असतं, पण माझी कंबर धरायची ती उतरताना, नाहीतर नंतर गाडीतून बाहेर पडताना. सातारा हिल हाफ मॅरेथॉनची तयारी करत होतो तेव्हा दोन महिने हेच चाललं होतं, रविवारी लाँग रन, सोमवारी पट्टा बांधून ऑफिस, घरी आलं की शेक, आणि पुढच्या रविवारी परत तेच. फरक पडणार कसा, मी कमरेच्या मागे लागलेलो आणि गडबड खुब्यात होती.

कमरेच्या मणक्यांपासून निघून पोटाच्या आतून मांडीच्या हाडापर्यंत जाणारा एक स्नायू आहे, सोआस. दिवसभर खुर्चीत बसून तो आखडला की पळताना पाय पुरेसा मागे जात नाही, मग शरीर ती कसर कमरेला बाक देऊन भरून काढतं, त्यात कुल्ल्याचे स्नायू बसून बसून आळशी झालेले असतील तर त्यांचंही काम कमरेवरच येतं. एका हाफ मॅरेथॉनमध्ये हे हजारो पावलं चालतं म्हटल्यावर कंबर बोलणारच ना.

म्हणून रोज एक गुडघा जमिनीवर टेकवून, दुसरा पाय पुढे ठेवून बसा आणि टेकवलेल्या बाजूचा कुल्ला घट्ट आवळा, मांडीच्या वरच्या भागात पुढून ताण आला पाहिजे, ३० सेकंद, दोन्ही बाजूंनी दोन तीन वेळा. इथे बरेच जण नुसतेच पुढे झुकतात आणि कमरेला बाक देतात, मग ताण परत कमरेतच येतो. याच्या जोडीला ग्लूट ब्रिज (पाठीवर झोपून, गुडघे वाकवून कुल्ले वर उचलायचे), साइड प्लँक (कुशीवर होऊन कोपरावर अंग सरळ उचलून धरायचं) आणि बर्ड डॉग, म्हणजे हातापायांवर ओणवं होऊन उजवा हात पुढे आणि डावा पाय मागे सरळ करायचा, कंबर हलू न देता १० सेकंद थांबायचं, मग बाजू बदलायची. पाठीवर आयुष्यभर काम केलेले कॅनडाचे स्टुअर्ट मॅकगिल हे १० सेकंदांचे होल्डच सांगतात. कंबर दुखत असताना सिट-अप्स मात्र नकोतच.

पहाटे उठल्या उठल्या वाकून पायाचे अंगठे धरू नका. रात्रभरात मणक्यांमधल्या गाद्या पाणी शोषून फुगलेल्या असतात, तेव्हा वाकलं की त्यांच्यावर जास्त ताण येतो, त्यापेक्षा दहा मिनिटं झपझप चाला आणि मग पळायला लागा.

आता घाट. चढाला कमरेतून वाकायचं नाही, झुकायचं ते घोट्यातून, छाती उघडी ठेवून. उतारावर लांब ढांगा टाकत टाचेवर ब्रेक मारत आलं की प्रत्येक धक्का थेट वर कमरेत जातो, माझं नेमकं हेच चुकत होतं. पावलं छोटी आणि पटपट टाका. एका मिनिटात उजवा पाय किती वेळा पडतो ते मोजा, ८० असेल तर ८४ करा, एवढ्यानेही फरक जाणवतो. आणि सपाटीवर सराव करणाऱ्यांनी एकदम पूर्ण घाट उतरू नका, आधी दोन किलोमीटर, मग हळूहळू वाढवा.

पळताना चमक भरलीच तर चालायला लागा, चालून मोकळं झालं नाही तर त्या दिवसाचं पळणं तिथेच बंद. घरी येऊन अंथरूण धरू नका, दिवसातून तीन चार वेळा थोडं थोडं चाला, गरम शेक घ्या, आणि परत सुरू कराल तेव्हा निम्मं अंतर, तेही सपाटीवर. पेनकिलर खाऊन लाँग रनला जाणं तर अजिबात नको, अंगातलं पाणी कमी झालेलं असताना ती गोळी किडनीला त्रास देऊ शकते.

कळ गुडघ्याच्या खाली जात असेल, रात्री झोपमोड होत असेल किंवा ताप असेल तर डॉक्टरांना दाखवा. पायातली ताकद गेली, बसायची जागा बधिर झाली, लघवी किंवा संडासवरचा ताबा गेला तर त्याच क्षणी हॉस्पिटल गाठा, सकाळची वाट बघू नका.

आणि रेस झाली की लगेच गाडीत बसू नका. साताऱ्यातच पंधरा मिनिटं चाला, पुण्याकडे जाणार असाल तर खंबाटकी घाट ओलांडला की एकदा गाडी बाजूला घ्या, उतरा, तो गुडघा टेकवायचा स्ट्रेच तिथेच करा, लोक बघतात तर बघू देत.