लेकीला उजेडाचं वेल्श नाव ठेवायचंय? आधी आजीच्या तोंडून म्हणवून बघा

माझा भाऊ परभणीचा, आता ब्रिटनमधल्या वेल्समधी, कार्डिफला राहायलाय, त्याला मुलगी झाली. वहिनीचं म्हणणं, लेकरू वेल्समधी जन्मलं तर नाव तिथल्या भाषेतलं ठेवू. आईचं म्हणणं, आमची आजी प्रभावती होती, तर नावात उजेड पाहिजे म्हणजे पाहिजे. दोघींच्या मधी मी, कारण मी आत्या, बारशाला कानात कुर्रर्र मीच करणार, म्हणून शोधायचं काम पण माझ्याच गळ्यात. बारा दिवस मोबाईल घेऊन बसले, त्यात जे कळलं ते लिहायले, आपल्याकडचे लई पोरं आता तिकडं नोकरीला चाललेत, कुणाला तरी लागंलच.

पहिली गोष्ट, नेटवरच्या याद्या बघून नाव उचलू नका. त्यात आयरिश, लॅटिन सगळं वेल्श म्हणून खपवलेलं असतंय. त्यापेक्षा उजेडाचे पाच-सहा शब्द पाठ करा, मग नाव बघितलं की आपलं आपल्याला कळतं. गोलाइ म्हणजे उजेड, हाइल म्हणजे सूर्य, सेरेन म्हणजे चांदणी, ग्वाउर म्हणजे पहाट, टेस म्हणजे उन्हाची ऊब, आणि ल्लेइ हा जुना शब्द पण उजेडाचाच. शंका आली तर वेल्स विद्यापीठाचा मोठा शब्दकोश ऑनलाइन फुकट आहे, त्यात टाकून बघायचं. आणि हे शब्द वाटतात तितके परके नाहीत बरं का. हाइल आणि आपला सूर्य एकाच मुळातले, तिकडं सुरुवातीच्या स चा ह झाला, सिंधूचं हिंदू झालं तसंच. सेरेन आणि तारा पण लांबच्या बहिणीच.

ज्या नावात ग्वेन येतं ते याद्यांमधी सर्रास "प्रकाश" म्हणून लिहिलेलं दिसंल. ग्वेन म्हणजे पांढरी, गोरी, पवित्र. उजेड वेगळा अन् गोरेपणा वेगळा, आणि आपल्याकडं गोऱ्या रंगाचं कौतुक आधीच काय कमी आहे का, म्हणून मी नुसतं ग्वेन वालं नाव बाजूला ठेवलं. दुसऱ्या शब्दाला जोडून आलं तर चालतंय, त्याचं पुढं सांगते. फक्त शेवटी वेन असलं तर मुलगी आणि विन असलं तर मुलगा, हे लक्षात ठेवा, नाहीतर पोरीला पोराचं नाव पडंल.

आता उच्चार. इंग्रजीपेक्षा वेल्श आपल्याला सोपी जाते, कारण ती बऱ्यापैकी लिहिल्यासारखीच बोलतात. एक एफ म्हणजे व, दोन एफ म्हणजे फ. सी कायम क. डब्ल्यू बऱ्याच ठिकाणी उ होतो, आणि यू चा कार्डिफकडं चक्क ई. दोन डी जवळजवळ आपला द. आर-एच म्हणजे कुऱ्हाडीतला ऱ्ह, हा तर इंग्रजांना पण नीट जमत नाही. अवघड एकच, डबल एल. जीभ ल म्हणायला ठेवतो तशी ठेवायची, आवाज काढायचा नाही, नुसती हवा बाजूनं सोडायची. आपला ळ नाही तो. भावानं शिकवलं तेव्हा आमच्या घरात सगळे मांजरासारखे फिस्कारायले होते. जोर मात्र शेवटून दुसऱ्या अक्षरावर द्यायचा, बहुतेक नावांना हे लागू पडतं.

एवढं झालं की खरी परीक्षा, आजी. नाव कागदावर कितीबी चांगलं असो, ते ओसरीवरून हाक मारून बघायचं. मी आईला एकेक म्हणायला लावलं. ग्वाउर म्हणजे पहाट, किती भारी अर्थ, आणि तिकडं 1967 साली बायकांनी वेल्श भाषेसाठी संघटना काढली तिचं नाव पण मेर्खेद अ वाउर, पहाटेच्या लेकी. (ग कुठं गेला विचारू नका, त्यांच्यात शब्दाचं पहिलं अक्षर असं बदलतं.) पण आई म्हणली, "गवार? शेंगाची का?" झालं, पहाट गेली. टेस्नी, म्हणजे उन्हाची ऊब, मला लई आवडलेलं, त्यावर काका म्हणले टेसनावर जन्मली का. गोलेइदिद म्हणजे उजळ दिवस, त्यांच्या जुन्या गोष्टीत किल्हुख नावाच्या राजपुत्राची आई आहे ती, त्याची आमच्याकडं दोन मिनिटांत गोलीदीदी झाली.

हेइलवेनचं वेगळंच. हाइल अधिक ग्वेन, अर्थ सूर्यप्रकाश. तिकडं हे नाव म्हणजे लाडाचं, कारण तिकडच्या एरिरीच्या (इंग्रजीत स्नोडोनिया) डोंगरात वर्षाला 3000 मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, आपल्या इकडं 700 झाला तरी आपण बरा झाला म्हणतो. त्यांना ऊन दिसलं की हरखायला होतं. आपल्याकडं मे महिन्यात 43 डिग्रीत पोरीला "ए सूर्यप्रकाशे" अशी हाक मारून बघा, शेजारीण म्हणंल दुसरं काही सापडलं नाही का. अर्थ बघताना तो कुठल्या आभाळाखाली गोड लागतो हे पण बघायचं. चांदणी, पहाट, चंद्र, हे दोन्हीकडं गार आहेत.

आणि अर्यानऱ्होद? अर्थ रुपेरी चाक, ऐकायला तर राणीच वाटते. पण गोष्ट वाचल्याशिवाय ठेवू नका. मॅबिनोगी म्हणजे त्यांच्या जुन्या वेल्श गोष्टी, त्याच्या चौथ्या भागात ही बाई स्वतःच्या पोराला शाप देते की मी नाव दिल्याशिवाय याला नावच मिळणार नाही. मग पोराचा मामा, ग्विदियन, चांभाराचं सोंग घेऊन पोराला जहाजावर घेऊन येतो, ती जोड्याचं माप द्यायला जाते, तेवढ्यात पोरगं एका चिमुकल्या पक्ष्याच्या पायावर असा नेम मारतं की तिच्या तोंडून निघून जातं, काय या उजळ पोराचा हात आहे. झालं, तेच नाव पडलं, ल्लेइ. म्हणजे तिकडं मामानं फसवून नाव मिळवलं, आपल्याकडं निदान आत्याला बोलवून साडी तरी देतात. मी काही भाचीला नाव नाकारणाऱ्या आईचं नाव देणार नव्हते.

या ल्लेइ चंच मुलीचं नाव आहे ल्लेइकी. ल्लेइ म्हणजे उजेड आणि पुढचं की म्हणजे लाडकी, लूसी या नावाला वेल्शमधी हेच वापरतात. आईला डबल एल जमंना, ती सरळ म्हणली "लेकी". सगळे गप्प. भाऊ तिकडून म्हणला, हेच फायनल करू का?

पण रास आडवी आली. तुमच्या घरी रास बघत असतील तर हे आधीच करा, मी शेवटी केलं. ल्लेइकी आणि अर्यानऱ्होद मेषेत जातात, हेइलवेन कर्केत, एइर्यन म्हणजे तेजस्वी, सुंदर, ते वृषभेत. निया वृश्चिकेत, ते मुळात आयरिश आहे, अर्थ झळाळी, पण वेल्समधी आता घरचंच झालंय आणि आपल्याकडं कुणाला परकं पण वाटत नाही. टेस्नी ट धरला तर सिंह, त धरला तर तूळ, भटजीला काय सांगायचं तुम्ही ठरवा. भाचीची निघाली कुंभ, पहिलं अक्षर से. म्हणून सेरेन. तिकडं लई कॉमन आहे, वर्गात अजून एखादी भेटणारच, आमच्या वर्गात तीन पूजा होत्या तशी. आई घरात लेकीच म्हणायलीय.

कागदाचं म्हणाल तर वेल्समधी जन्माची नोंद 42 दिवसांच्या आत करावी लागते, म्हणजे आपला सव्वा महिना झाला की लगेच, बारशाची घाई नोंदीसाठी करायची गरज नाही. मधलं नाव बापाचं लावायला बिचकू नका. तिकडं पण जुनी पद्धत तीच होती, पोरगी असली की वेर्ख म्हणजे अमक्याची लेक, पोरगा असला की आप, त्या आप ऱ्हीसचंच पुढं प्राइस आडनाव झालं.

आणि इकडं बारसं करणार असाल तर फ्लेक्सवाल्याला नाव व्हॉट्सॲपवर इंग्रजीत पाठवू नका, देवनागरीत टाइप करून पाठवा आणि छापायच्या आधी प्रूफ मागा. आमच्या दारात सहा बाय चारच्या फ्लेक्सवर "चि. सरण" लिहून आलं. घुगऱ्या खायला आलेल्यांनी वाचलं, आईनं त्यावर झेंडूची माळ सोडली.