कुत्र्याला घेऊन नदीकाठी आणि रानात कसं फिरावं

एका जानेवारीत मुळा नदीच्या काठी आमची चिंगी हिरवळ समजून जलपर्णीवर उतरली. एक पाऊल, दुसरं पाऊल, आणि तिसऱ्याला ती दिसेनाशीच झाली. वरून गच्च हिरवं, खाली पुरुषभर पाणी. त्या मुळांच्या जाळ्यात कुत्र्याला नीट पोहताही येत नाही. अंगात हार्नेस, म्हणजे छातीवरून बसणारा पट्टा, होता आणि हार्नेसला १० मीटरचा दोर, म्हणून तिला ओढून काठावर घेता आलं. तेव्हापासून कुत्र्याला घेऊन नदीकाठी किंवा रानात जायचं म्हणणाऱ्या प्रत्येकाला मी आधी दोराचं सांगते, बाकीचं नंतर.

चिंगी गावठी आहे. आम्ही फिरतो ते पुण्याच्या पश्चिमेला, मुळशी, पवना, पानशेत या बाजूच्या शिवारांत. इथलं लिहिलेलं सगळं त्या भागातलं आहे, पण कृष्णेकाठी किंवा कोकणातल्या नदीवरही यातलं बरंचसं तसंच लागू पडेल.

आधी दोर

गळ्यातल्या पट्ट्याला लांब दोर बांधू नका. कुत्रं धावत सुटलं आणि दोर संपला की सगळा हिसका मानेला बसतो. छातीवरून बसणारा हार्नेस घ्या आणि दोर त्याच्या पाठीवरच्या कडीला अडकवा. दोर ८ ते १० मीटरचा हवा. सुती दोर ओला झाला की जड होतो आणि वाळता वाळत नाही. गिर्यारोहणाचं सामान विकणाऱ्या दुकानात नायलॉनची चपटी टेप मीटरवर मिळते, ती आणि एक कॅराबिनर, म्हणजे उघडझाप होणारी धातूची कडी, एवढं पुरतं. दोर हाताला गुंडाळायचा नाही, बोटं सोलवटतात. सैल घड्या करून धरायचा आणि लागेल तसा सोडायचा.

एवढ्या लांब दोरावर कुत्र्याला हवं तिथं थांबता येतं, हुंगता येतं, मागं राहता येतं. त्याच्यासाठी फिरणं म्हणजे मुख्यतः हुंगणंच. रात्री इथून कोण गेलं, हे ते वाचत असतं. किलोमीटर मोजायला निघालात तर तुम्हीही कंटाळाल आणि तेही. दीड तासात दोन किलोमीटर झाले तर ती उत्तम फेरी समजा.

रानात नेण्याआधी मैदानावर किंवा सोसायटीच्या आवारात दोन-तीन आठवडे ‘ये’चा सराव करा. हाक मारायची, आलं की उकडलेल्या चिकनचा तुकडा द्यायचा. हाक एकदाच. दहा वेळा ‘ये ये ये’ केलं की त्या शब्दाला काही अर्थच उरत नाही. आणि आलेल्या कुत्र्याला उशीर केला म्हणून कधीही रागवू नका.

जागा निवडताना

अभयारण्यं आणि राष्ट्रीय उद्यानं यादीतून काढून टाका. भीमाशंकर असो की संजय गांधी राष्ट्रीय उद्यान, पाळीव कुत्रं तिथं न्यायचं नाही. हा नियम मला मनापासून पटतो. कुत्र्यांमध्ये सर्रास आढळणारा डिस्टेंपरचा विषाणू रानातल्या प्राण्यांच्या जिवावर उठतो. २०१८ साली गीरमध्ये वीसहून अधिक सिंह दगावले, तेव्हा तपासणीत हाच विषाणू सापडला होता. देवराईच्या बाबतीत गावाची रीत पाळा. विचारायला कुणी नसेल तर बाहेरूनच वळा.

उरतात त्या गाडीवाटा, ओढ्याकाठची झाडी, धरणाच्या पाण्याचे उथळ काठ. करंज, उंबर, जांभूळ, वाळुंज अशी झाडं असलेला काठ निवडा, म्हणजे सावली मिळते. पहिल्यांदा कुत्र्याशिवाय जाऊन या आणि चार गोष्टी पाहा: पाण्यावर जलपर्णी आहे का, गुरं कुठं पाण्यावर उतरतात, गावातली मोकाट कुत्री कुठं बसतात आणि गाडी कुठं लावता येते. धरणाच्या खालच्या अंगाला नदीपात्रात उतरणं टाळाच. पाणी सोडण्याआधी भोंगा वाजतो, पण कुत्रं खडकांमध्ये रमलेलं असताना तुम्हाला तेवढी सवड मिळेलच असं नाही.

गावात शिरलात की पहिल्या भेटेल त्या माणसाशी बोला. ‘मामा, कुत्रं घेऊन पलीकडं जाऊ का?’ एवढं विचारलं की पुढची वाट, कुणाचं शेत, कुठं कुंपणात वीज सोडलीय, हे सगळं आपणहून सांगितलं जातं. आणखी एक विचारा: ‘इकडं वाघरू फिरतंय का?’ वाघरू म्हणजे बिबट्या. अहिल्यानगर जिल्ह्यातल्या अकोले भागात वन्यजीव संशोधक विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बिबट्यांच्या विष्ठेचा अभ्यास केला. वजनाच्या हिशेबानं बिबट्यांच्या खाण्यातला सर्वांत मोठा, सुमारे ३९ टक्के वाटा कुत्र्यांचा निघाला. म्हणून सूर्य उगवल्यावरच निघायचं, सूर्य मावळायच्या तासभर आधी गाडीत बसायचं आणि उसाच्या कडेनं जायचंच नाही.

ऋतू आणि वेळ

डिसेंबरअखेर ते फेब्रुवारी हा सर्वांत चांगला काळ. त्याआधी, पाऊस संपल्यावर, गवत वाळून कुसळं सुटतात. ती आपल्या मोज्यांत जातात तशीच कुत्र्याच्या बोटांच्या बेचक्यात, कानात आणि कातडीखालीही शिरतात, आणि टोक एकाच दिशेचं असल्यामुळे पुढंपुढंच सरकतात. त्या दिवसांत गवताळ माळ सोडून झाडीतल्या वाटेनं जा.

उन्हाळ्यात सकाळी आठच्या आत घरी. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही, ते धापा टाकूनच अंग थंड करतं. रस्त्यावर हाताची पालथी बाजू पाच सेकंद टेकवून बघा. तुम्हाला सोसत नसेल तर त्याच्या पंजांनाही सोसणार नाही. धाप थांबत नाही, हिरड्या लालभडक, चाल झोकांडी खाणारी, असं दिसलं तर तो उष्माघात असू शकतो. सावलीत घ्या, साधं पाणी अंगावर ओता, वारा घाला आणि तसेच डॉक्टरांकडे निघा.

पावसाळ्यात काठावर साचलेल्या पाण्यात लेप्टोस्पायरोसिसचे जंतू असू शकतात. उंदीर, गुरं यांच्या मुतातून ते येतात आणि माणसालाही बाधतात. लेप्टोची लस दरवर्षी घ्यावी लागते. रेबीज आणि डिस्टेंपर-पार्व्होच्या लसींबरोबर ती दिली आहे ना, हे कार्डावर तपासा. प्यायचं पाणी मात्र बाराही महिने घरून न्या, एक वाडगा आणि किमान दोन लिटर.

वाटेत

गुरं दिसली की दोर आखूड करा आणि वाट सोडून बाजूला उभे राहा. रेडकाजवळची म्हैस कुत्र्यावर सरळ चाल करून येते. असं झालंच तर दोर सोडून द्या. कुत्रं निसटेल, तुम्ही मधे सापडणार नाही. धनगराचा वाडा दिसला तर लांबूनच वळा. त्यांची कुत्री त्यांचं काम करत असतात, आणि बिबट्याला भ्यालेली नसतात ती आपल्याला कुठली भिणार! शेळीच्या एका करडामागं तुमचं कुत्रं धावलं तर त्या घराचं खरंखुरं नुकसान होतं, आणि त्या वाटेवर पुढच्या कुत्रेवाल्याचंही येणं बंद होतं.

मार्चपासून नदीच्या वाळूत, गोट्यांत टिटवीची अंडी असतात. नुसत्या उघड्या जमिनीवर, दगडासारखीच दिसणारी. डोक्यावर घिरट्या घालत ती ओरडायला लागली की आल्या पावली मागं फिरा.

सापांसाठी एक काम आदल्या दिवशीच करायचं: जवळच्या पशुवैद्यांना फोन करून सर्पविषावरची लस ठेवता का, हे विचारायचं. नाग, मण्यार, घोणस, फुरसं या चौघांवर एकच लस चालते, पण ती प्रत्येक दवाखान्यात नसते. चावा झालाच तर कुत्र्याला चालवू नका, उचलून न्या. आवळून बांधायचं नाही, कापायचं नाही. आणि माणसांच्या वेदनाशामक गोळ्या कधीच द्यायच्या नाहीत. आयब्युप्रोफेननं कुत्र्याच्या पोटाला आणि मूत्रपिंडाला गंभीर इजा होते.

शी पिशवीत घालून घरी आणा. ते शक्यच नसेल तर खुरप्यानं वीतभर खोल पुरा, पाण्यापासून ऐंशी पावलं लांब. खडकवासल्याच्या धरणसाखळीतलं पाणी पुणं पितं, हे तिथं उभं असताना आठवावं.

घरी आल्यावर

गाडीत बसण्याआधी आणि घरी पोचल्यावर, असं दोनदा चाचपायचं. कानाच्या आत-बाहेर, पट्ट्याखाली, काखेत, बोटांच्या बेचक्यात, शेपटीच्या मुळाशी. गोचीड सापडली तर चिमट्यानं कातडीलगत धरून सरळ वर ओढा. तेल, रॉकेल, पेटती काडी हे उपाय सोडून द्या, त्यानं गोचीड आणखी लाळ आणि तिच्यातले जंतू सोडू शकते. पुढचे तीन आठवडे जेवणाकडे लक्ष ठेवा. खाणं सुटलं, ताप आला, हिरड्या पांढुरक्या दिसल्या किंवा नाकातून रक्त आलं तर गोचीडतापाची रक्ततपासणी करून घ्या. लवकर कळला तर तो बहुतेकदा औषधांनी बरा होतो.

पाय कोमट पाण्यानं धुवा, बोटं एकेक करून उघडून पुसा. रात्री ते एकच पंजा चाटत बसलं किंवा दुसऱ्या दिवशी सारखं डोकं एका बाजूला झटकू लागलं, तर आत कुसळ आहे असं समजा. कानात स्वतः काडी घालू नका. त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्या.