नव्या प्रीक्वेलवर प्रतिक्रिया कशी लिहावी

एखाद्या जुन्या विज्ञानकथा-मालिकेच्या आधीचा काळ दाखवणारी नवी मालिका, म्हणजेच प्रीक्वेल, जाहीर झाली की पहिला भाग येण्यापूर्वीच चाहत्यांमध्ये दोन तट पडतात. एका तटाला मूळ कथेला कोणी हात लावलेला खपत नाही, तर दुसऱ्याला त्या विश्वातले जे काही मिळेल ते हवेच असते. दोन्ही तटांच्या मागे वर्षानुवर्षांचे प्रेम असते आणि त्या प्रेमाला शोभेल इतकी काळजी घेऊनच प्रतिक्रिया लिहिली जावी, असे मला मनापासून वाटते. दादर आणि गिरगावातील आम्ही काही चाहते एकत्र मालिका पाहतो आणि त्यांवर लिहितो. त्या सवयीतून जी पद्धत तयार झाली, ती येथे मांडत आहे.

पहिला भाग पाहण्याआधी एका वहीत आपल्या अपेक्षा चार-पाच ओळींत लिहून ठेवाव्यात. कोणते पात्र भेटावे, कोणता प्रसंग दिसावा, काय बदलू नये, हे आधी कागदावर असले म्हणजे नंतर होणारी निराशा मालिकेच्या दोषामुळे झाली की केवळ आपल्या कल्पनेतली मालिका वेगळी होती म्हणून, हे पडताळून पाहता येते. भाग संपल्यावर लगेच लिहू नये. निदान एक रात्र जाऊ द्यावी.

खरी अडचण विसंगतीची असते. 'हे मूळ कथेशी जुळत नाही' हा चाहत्यांचा सर्वांत आवडता आणि सर्वांत घाईने केला जाणारा आक्षेप आहे, म्हणून त्यावर सर्वाधिक वेळ खर्च करावा. २०१७ साली 'स्टार ट्रेक' या जुन्या अंतराळ-मालिकेची प्रीक्वेल 'स्टार ट्रेक: डिस्कव्हरी' नेटफ्लिक्सवर आली, तेव्हा तिची नायिका मायकेल बर्नहॅम ही मूळ मालिकेत कॅप्टन कर्कच्या अंतराळजहाजावर असलेल्या स्पॉक या परग्रहवासी अधिकाऱ्याच्या घरी वाढलेली, त्याची मानलेली बहीण आहे, हे पाहून मी संतापाने लिहिले होते की मूळ मालिकेत जिचा उल्लेखही नाही अशी बहीण आणणे ही सरळ फसवणूक आहे. माझ्या मामांनी मूळ मालिका ऐंशीच्या दशकात रविवारी सकाळी, गिरगावच्या चाळीत शेजाऱ्यांच्या टीव्हीसमोर दाटीवाटीने बसून, दूरदर्शनवर पाहिलेली. त्यांनी माझे लिखाण वाचले, चष्मा काढून ठेवला आणि एवढेच विचारले, "अगं, स्पॉकचे आईवडील कोण, हे तरी कॅप्टन कर्कला कुठे ठाऊक होते? तो भाग पुन्हा बघ."

मी तो भाग पुन्हा पाहिला. १९६७ सालच्या त्या भागात राजदूत सारेक आणि त्यांची पत्नी जहाजावर येतात. जवळच स्पॉकचा ग्रह आहे, तर त्याने आईवडिलांना भेटून यावे, असे कर्क सुचवतो आणि तेव्हा कुठे स्पॉक सांगतो की समोर उभे असलेले हे दोघेच आपले आईवडील आहेत. पुढे १९८९ सालच्या चित्रपटात सायबॉक नावाचा सावत्र भाऊही असाच अचानक समोर येतो. घरच्या माणसांविषयी अवाक्षर न काढणे हा स्पॉकचा स्वभावच आहे आणि तो मूळ मालिकेनेच ठरवून दिलेला आहे. बहिणीची कल्पना आवडणे न आवडणे हा वेगळा प्रश्न होता. विसंगतीचा माझा आरोप मात्र टिकणारा नव्हता आणि मी तो मागे घेतला. तेव्हापासून आमच्या गटात एक नियम आहे: विसंगती दाखवायची असेल, तर मूळ मालिकेतला नेमका भाग पुन्हा पाहावा आणि त्यात काय म्हटले आहे ते लिहावे. 'मला असे आठवते' एवढ्यावर आक्षेप नोंदवू नये.

यातही खरी विसंगती आणि निर्मितीच्या अडचणीतून आलेला फरक या दोन गोष्टी वेगळ्या मांडाव्यात. स्टार ट्रेकमधल्या क्लिंगॉन या परग्रहवासी लोकांचे कपाळ हे याचे उत्तम उदाहरण आहे. १९६६ ते १९६९ या काळातल्या मूळ मालिकेत बेताच्या खर्चात गडद रंगभूषा, भुवया आणि मिशा एवढ्यावरच क्लिंगॉन उभे केले गेले. १९७९ सालच्या चित्रपटात त्यांच्या कपाळावर हाडांचे उंचवटे आले. हा बदल का झाला, याचे कथेत उत्तर नव्हते. १९९६ साली स्टार ट्रेकच्याच नंतरच्या एका मालिकेतल्या भागात वॉर्फ या क्लिंगॉन पात्राला तसे विचारले जाते, तेव्हा 'आम्ही बाहेरच्यांशी याची चर्चा करत नाही' अशा अर्थाचे उत्तर देऊन तो विषय संपवतो. अखेर 'एंटरप्राइझ' या प्रीक्वेलने २००५ साली जनुकीय प्रयोगातून पसरलेल्या रोगाची कथा रचून त्याचे कारण दिले. म्हणजे चाहत्यांनी या उत्तरासाठी २६ वर्षे वाट पाहिली, आणि ते देण्याचे काम एका प्रीक्वेलनेच केले. त्यामुळे पहिल्या पर्वात एखादा धागा सुटलेला दिसला, तर 'हे चुकले' असे लिहिण्याऐवजी 'याचे कारण अजून दिलेले नाही' असे लिहावे. हे अधिक अचूक असते.

दृश्यरूपाविषयी थोडक्यात सांगते. कथेने जुना आणि निर्मितीने नवा असा काळ पडद्यावर आणताना प्रत्येक मालिकेला निवड करावी लागते. 'डिस्कव्हरी'ने हवेत उमटणाऱ्या त्रिमित प्रतिमा वापरल्या, तर २०२५ सालच्या 'एलियन: अर्थ'ने १९७९ च्या मूळ चित्रपटातील जहाजाची जाडजूड यंत्रे आणि जुन्या धाटणीचे संगणक जपले. दोन्ही निवडी समजण्यासारख्या आहेत. आपल्याला कोणती पटली आणि का, हे एका परिच्छेदात सांगावे आणि पुढे जावे; संपूर्ण प्रतिक्रिया यंत्रांच्या बटणांवर खर्च करू नये.

'शेवट माहीत आहे, मग पाहायचे कशाला?' हा प्रश्न मात्र मराठी श्रोत्याला पडू नये. कीर्तनाच्या उत्तररंगात बुवा आख्यान लावतात, तेव्हा अभिमन्यू चक्रव्यूहातून परत येणार नाही, हे समोर बसलेल्या प्रत्येकाला ठाऊक असते आणि तरीही डोळे भरून येतात. त्याच कानांनी प्रीक्वेल ऐकावी. कॅप्टन पाइकचे उदाहरण घ्यावे. १९६४ साली चित्रित झालेल्या स्टार ट्रेकच्या पहिल्या प्रायोगिक भागाचा तो नायक. वाहिनीने तो भाग नाकारला, पण १९६६ साली त्यातली दृश्ये एका दोन भागांच्या कथेत वापरली गेली आणि तिथे अपघाताने विद्रूप झालेला, चाकाच्या खुर्चीत जखडलेला पाइक प्रेक्षकांनी पाहिला. 'डिस्कव्हरी'च्या दुसऱ्या पर्वात तरुण पाइकला हे भविष्य डोळ्यांनी दिसते आणि इतरांचे प्राण वाचावेत म्हणून तो ते स्वीकारतो. २०२२ मध्ये सुरू झालेल्या 'स्ट्रेंज न्यू वर्ल्ड्स'मध्ये तो हे ओझे घेऊनच सहकाऱ्यांसाठी स्वयंपाक करताना दिसतो. म्हणून प्रतिक्रियेत 'पुढे काय होणार' याऐवजी 'ठाऊक असलेल्या शेवटाकडे हे पात्र कसे चालले आहे' हे लिहावे आणि त्यासाठी एखादे दृश्य नीट उलगडून दाखवावे.

मुंबईत मालिका एकाच वेळी सर्वांना पाहता येत नाही, याचेही भान हवे. 'स्टार वॉर्स'च्या विश्वातली प्रीक्वेल 'अँडॉर' हिचे दुसरे पर्व २०२५ साली आले, तेव्हा दर आठवड्याला तीन भाग अमेरिकेत मंगळवारी रात्री नऊला आणि आपल्याकडे बुधवारी सकाळी साडेसहाला येत. विरारहून निघणारा मित्र चर्चगेट येईपर्यंत एक भाग संपवत असे, तर रुग्णालयात रात्रपाळी करणाऱ्या मैत्रिणीला शनिवारशिवाय सवड मिळत नसे. म्हणून शनिवारी रात्रीपर्यंत गटात कथानकाविषयी काही लिहायचे नाही, आणि नंतर लिहिताना पहिल्या ओळीत पर्वाचा व भागाचा क्रमांक द्यायचा, असे आम्ही ठरवले आहे. डब्यात शेजारी उभा असलेला अनोळखी प्रवासीही चाहता असू शकतो. त्यामुळे गाडीत मोठ्याने शेवट सांगू नये.

संथपणाचा आक्षेप पूर्ण पर्व पाहिल्याशिवाय नोंदवू नये. 'अँडॉर'च्या पहिल्या पर्वाचे पहिले तीन भाग २०२२ मध्ये एकत्रच आले, कारण त्या तिन्हींची मिळून एक कथा होते. त्यातला एकच भाग पाहून थांबलेल्या प्रेक्षकाला ती अपुरीच वाटणार.

पर्व संपल्यावर सुरुवातीची वही उघडावी, त्यातील अपेक्षा आणि पहिल्या भागानंतरची प्रतिक्रिया वाचावी आणि मगच अंतिम प्रतिक्रिया लिहावी. मत बदलले असेल, तर कोणत्या भागातल्या कोणत्या दृश्याने ते बदलले, हे स्पष्ट नोंदवावे. दोन्ही प्रतिक्रिया तारखांसह एकाखाली एक ठेवून गटात पाठवाव्यात, आणि पहिलीतली एकही ओळ खोडू नये.