रिसीव्हर शेवटी निवडावा

होम थिएटर घ्यायला दुकानात गेलेल्या माणसापुढे आधी रिसीव्हर, म्हणजे सगळ्या स्पीकरांना आवाज पुरवणारा अॅम्प्लिफायरचा डबा, मांडला जातो, त्याचे वॅट मोठ्याने वाचून दाखवले जातात आणि स्पीकर 'सेटमध्येच येतात' म्हणून त्याच्या गळ्यात पडतात. माझ्या मते हा क्रम नेमका उलटा आहे. आवाज कसा लागणार हे आधी आपला हॉल ठरवतो, मग स्पीकर, आणि या दोघांचे पक्के झाल्यावरच रिसीव्हरचा विचार करावा.

त्यामुळे पहिली खरेदी मोजपट्टीची. ठाण्यात घोडबंदर रोडकडच्या दोन बेडरूमच्या फ्लॅटमध्ये टीव्ही एका लांब भिंतीवर आणि सोफा समोरच्या भिंतीला टेकलेला, ही नेहमीची मांडणी असते. अशा हॉलमध्ये डोक्यामागे जागाच उरत नाही, म्हणून ७.१ चा (सात स्पीकर आणि खर्जासाठी एक सबवूफर) मोह टाळून ५.१ वर (पाच स्पीकर आणि एक सबवूफर) थांबावे. मी हे ऐकले नव्हते. मागचे दोन स्पीकर सोफ्यावरच्या भिंतीवर, कानापासून वीतभर अंतरावर ठोकले आणि पडद्यावरचा पाऊस थेट कानात पडू लागला. महिन्याभरात ते दोघे माळ्यावर गेले. ५.१ मधले बाजूचे स्पीकर समोरच्या रेषेपासून १०० ते १२० अंशांवर, म्हणजे बसणाऱ्याच्या दोन्ही बाजूंना किंचित मागे, आणि कानाच्या जरा वर असावेत. सोफा हातभर पुढे ओढता आला तर त्याहून चांगले. छतात अॅटमॉसचे, म्हणजे डोक्यावरून आवाज देणारे, स्पीकर हवे असतील तर पीओपीचे काम सुरू होण्याआधीच वायरसाठी पाइप टाकून घ्यावा.

सर्वाधिक पैसे कुठे घालावेत, असे विचाराल तर उत्तर टीव्हीजवळचा मधला, म्हणजे सेंटर स्पीकर हेच आहे. चित्रपटातले बहुतेक संवाद त्यातूनच येतात. गडकरी रंगायतनच्या नाट्यगृहात कडेच्या खुर्चीवर बसलो तरी नटाचा आवाज नटाच्याच जागेवरून यावा अशी आपली अपेक्षा असते; घरी ते काम हा एकटा स्पीकर करतो. तो पुढच्या दोन स्पीकरांच्याच मालिकेतला असावा, नाहीतर पात्र डावीकडून उजवीकडे चालत गेले की त्याचा गळा बदलतो. टीव्ही युनिटच्या खोल कप्प्यात तो आत सारून ठेवला तर संवाद माठात बोलल्यासारखे घुमतात, म्हणून त्याचे तोंड फळीच्या कडेपर्यंत आणावे आणि खाली रबराचा तुकडा सारून ते कानाच्या दिशेने उचलावे.

स्पीकरच्या मागच्या पट्टीवर दोन आकडे पाहावेत. पहिला संवेदनशीलतेचा, म्हणजे ठरावीक वीज दिल्यावर स्पीकर किती मोठा वाजतो याचा, डेसिबलमध्ये दिलेला. ८८ डेसिबलच्या स्पीकरला जो आवाज काढायला ५० वॅट लागतात, तोच काढायला ८५ डेसिबलच्या स्पीकरला १०० वॅट लागतात. दुसरा आकडा ओहमचा, म्हणजे स्पीकरच्या विद्युत रोधाचा; सहा किंवा आठ ओहमचे स्पीकर बहुतेक रिसीव्हर सहज चालवतात, चार ओहमचे घेताना मात्र रिसीव्हरच्या माहितीपत्रकात तशी परवानगी आहे का, ते वाचावे. आपल्या दमट हवेत स्पीकरच्या थरथरणाऱ्या पडद्याच्या कडेचा फोम कुजतो, त्यामुळे रबराची कड असलेलेच स्पीकर घ्यावेत.

आता रिसीव्हर. ८० वॅटऐवजी १०० वॅटचा घेतल्याने आवाजात जेमतेम एका डेसिबलची भर पडते, जी कानाला कळणेही कठीण. शिवाय खोक्यावरचा मोठा आकडा अनेकदा एकच चॅनेल, म्हणजे एकाच स्पीकरची वाट, चालवून, एकाच स्वरावर मोजलेला असतो. दोन चॅनेल, आठ ओहम, २० ते २०,००० हर्ट्झ या अटींवर दिलेला आकडाच तुलनेसाठी धरावा. त्यापेक्षा एचडीएमआयच्या जोडण्यांकडे लक्ष द्यावे. टीव्हीला ई-आर्क (टीव्हीचा आवाज एचडीएमआयच्या वायरमधूनच रिसीव्हरकडे पाठवण्याची सोय) असेल तर रिसीव्हरलाही हवे. टीव्हीवर जुने आर्कच असेल तर ब्लू-रेचा पूर्ण दर्जाचा आवाज त्यातून जात नाही, म्हणून प्लेअर थेट रिसीव्हरला जोडावा. अमेरिकेतला भाचा स्वस्तात घेऊन येतो म्हणाला तरी तिथला १२० व्होल्टचा रिसीव्हर आपल्या २३० व्होल्टवर थेट लावता येत नाही, हे त्याला आधीच सांगावे. सोबतच्या माइकने खोलीनुसार आवाज जुळवण्याची सोय मात्र हवीच. ते मोजमाप पंखे बंद करून, माइक स्टँडवर कानाच्या उंचीला ठेवून करावे, आणि स्वयंपाकघरातला मिक्सर तेवढ्यापुरता थांबवण्याची विनंती करावी. नंतर लहान स्पीकरांसाठी क्रॉसओव्हर, म्हणजे ज्याच्या खालचा खर्ज सबवूफरकडे जातो ती सीमा, ८० हर्ट्झवर आहे ना, ते पाहावे.

सबवूफरची जागा कागदावर ठरत नाही. बारा फुटांच्या दोन समोरासमोरच्या भिंतींमध्ये ४७ हर्ट्झच्या आसपासचा स्वर काही ठिकाणी फुगतो आणि काही ठिकाणी जवळपास नाहीसा होतो. त्यावर उपाय थोडा हास्यास्पद, पण खात्रीचा आहे: सबवूफर सोफ्यावर आपल्या जागी ठेवावा, खर्जाचे संगीत लावावे आणि स्वतः भिंतीच्या कडेने गुडघ्यांवर रांगत जावे; जिथे खर्ज स्वच्छ आणि सारखा ऐकू येईल तिथे सबवूफर ठेवावा. आठ किंवा दहा इंचांचा आपल्या हॉलला पुरतो. त्याखाली रबर घातले तरी खोल खर्ज स्लॅबमधून खालच्या मजल्यावर उतरतोच. निवासी भागात रात्री दहा ते सकाळी सहा आवाजाची मर्यादा ४५ डेसिबल आहे, आणि खालच्या काकूंची मर्यादा त्याहून कमी, म्हणून रात्री सबवूफरची पातळी उतरवण्याची सवय ठेवावी.

वायर शुद्ध तांब्याची घ्यावी. तांब्याचा मुलामा दिलेली अॅल्युमिनियमची वायर स्वस्त पडते, पण तिचा रोध जास्त असतो. टोक सोलल्यावर सगळ्या तारा चिमटीत घट्ट पिळाव्यात, कारण केसाएवढी एक तार जरी लाल टर्मिनलमधून निसटून शेजारच्या काळ्याला चिकटली तरी रिसीव्हर सुरू होताच स्वतःला वाचवण्यासाठी बंद पडतो. सगळी टर्मिनले बॅटरीच्या उजेडात एकदा पाहून घ्यावीत आणि मगच प्लग लावावा.