गाडीचे ब्रेक: पॅडआधी ऑइल बघा

ब्रेकमधून आवाज आला की गाडी गॅरेजला जाते, पॅड (चाकासोबत फिरणाऱ्या डिस्कला दाबून धरणाऱ्या पट्ट्या) बदलले जातात आणि विषय संपतो. ब्रेक ऑइलकडे मात्र चार-चार वर्षं कुणी ढुंकूनही बघत नाही. नागपूरच्या हवेत हा हलगर्जीपणा जास्त नडतो. पावसाळ्याचे चार महिने ऑइल हवेतलं बाष्प ओढून घेतं आणि नवतपा लागला की त्याच ऑइलची खरी परीक्षा होते.

पेडल दाबल्यावर जोर चाकापर्यंत पोचतो तो ऑइल दाबलं जात नाही म्हणून. पण त्यात मुरलेलं पाणी तापून वाफ झालं, तर वाफ दाबली जाते. पाय थेट खाली जातो आणि गाडी थांबत नाही. ताज्या डॉट ३ ग्रेडच्या ऑइलचा उत्कलनबिंदू किमान २०५ अंश सेल्सिअस असतो, पाणी मुरल्यावर तो १४० पर्यंत उतरू शकतो. डॉट ४ चे हेच आकडे २३० आणि १५५. चिखलदऱ्याचा घाट उतरताना पाय ब्रेकवरच ठेवला, तर डिस्क याहून कितीतरी जास्त तापते. यातली फसवी गोष्ट अशी की ऑइल थंड झालं की पेडल परत कडक होतं. दुसऱ्या दिवशी मेकॅनिक तपासतो, त्याला काहीच सापडत नाही. म्हणून घाटात गाडी दुसऱ्या गिअरमध्ये उतरवा; ब्रेक थोडा वेळ ठाम लावा, मग पूर्ण सोडा.

आधी पेडल तपासा

इंजिन बंद ठेवून पेडल चार-पाच वेळा दाबा, ते कडक होईल. पाय तसाच ठेवून गाडी सुरू करा. पेडल थोडं खाली गेलं तर बूस्टर (पायाचा जोर वाढवणारा भाग) ठीक आहे. हललंच नाही तर बूस्टर किंवा त्याचा व्हॅक्यूम पाइप बघावा लागेल. आता इंजिन चालू ठेवून अर्धा मिनिट जोरात दाबून धरा. पेडल हळूहळू खाली सरकत असेल तर कुठेतरी गळती आहे. बाहेर थेंबही दिसत नसेल तर मास्टर सिलिंडरच्या (पेडलला जोडलेला, ऑइलवर दाब देणारा भाग) आतलं रबर गेलं असं समजा.

पेडल स्पंजसारखं लागतं? लाइनमध्ये एअर आहे. ब्रेक लावताना पेडल आणि स्टिअरिंग थरथरतं? डिस्कची जाडी सगळीकडे सारखी राहिलेली नाही. (कचकचून ब्रेक मारल्यावर, चाक जाम होऊ न देणाऱ्या एबीएसचे झटके लागतात, ते वेगळे, ते लागायलाच हवेत.) गाडी एका बाजूला ओढत असेल तर फिरून आल्यावर चारही चाकांजवळ हात नेऊन ऊब बघा, लोखंडाला हात लावू नका. एकच चाक भलतंच तापलं असेल तर त्याचा कॅलिपर (पॅड दाबणारा भाग) जाम आहे, किंवा ब्रेक होज (ऑइलची रबरी नळी) आतून फुगलाय आणि ऑइल परत येऊ देत नाही.

बॉनेटखालच्या ब्रेक ऑइलच्या बाटलीतली पातळी कमी दिसली की लगेच ऑइल ओतायची सवय वाईट. पॅड झिजतात तसा कॅलिपरमधला पिस्टन बाहेर येतो आणि ऑइल त्याच्यामागे जातं, त्यामुळे पातळी उतरणं हीच पॅड बघण्याची सूचना असते. वरून भरलं की ती सूचना पुसली जाते, आणि नवे पॅड बसवताना बाटली उतू जाते. हे ऑइल रंग खातं. सांडलं तर लगेच पाण्याने धुवा.

पुढचे पॅड बदलताना

पॅडवरचं मटेरिअल ३ मिमीपर्यंत आलं की बदला. जोडीच बदलायची, एका बाजूचेच कधीही नाही.

१. सपाट जागी गाडी लावा, मागच्या चाकांना पुढून-मागून विटा लावा, गाडी जमिनीवर असतानाच नट सैल करा. मग जॅक लावा आणि खाली घोडी (पक्का स्टँड) द्या. नुसत्या जॅकवर काम करायचं नाही.

२. कॅलिपरचा खालचा बोल्ट काढून कॅलिपर वर उचला. पूर्ण काढावा लागला तर तारेने बांधून ठेवा, होजवर लोंबकळू देऊ नका.

३. बाटलीचं झाकण सैल करून जुना पॅड पिस्टनवर ठेवा आणि सी-क्लॅम्पने पिस्टन सावकाश आत ढकला.

४. कॅलिपर ज्यांवर सरकतो त्या स्लाइड पिन काढा. बरेच मेकॅनिक इथे घाई करतात, आणि खरा रोग इथेच असतो. आपल्याकडची धूळ पिनवरच्या फाटक्या रबरी बुटातून आत जाते, पिन अडकते, मग आतला पॅड संपतो आणि बाहेरचा नवाच राहतो. पिन ब्रेक क्लीनरने पुसा आणि ब्रेकचंच सिलिकॉन ग्रीस लावा. साधं ग्रीस नको, रबर फुगतं.

५. डिस्कवर किमान जाडी कोरलेली असते. मायक्रोमीटरने मोजा, त्याखाली गेली असेल तर लेथ मारून उपयोग नाही, डिस्क बदला.

६. पॅड बसवून बोल्ट मॅन्युअलमधल्या टॉर्कने आवळा. चाक चढवून नट तिरके-तिरके कसा. आणि गाडी हलवण्याआधी पेडल कडक होईपर्यंत दाबा. हे विसरलात तर पहिल्याच वेळी पाय फ्लोअरला लागेल.

यानंतर रिकाम्या रस्त्यावर ५० च्या वेगावरून १० पर्यंत हलके ब्रेक आठ-दहा वेळा लावा, मध्ये थंड व्हायला वेळ द्या. पॅड डिस्कवर नीट बसतात.

मागच्या चाकांना डिस्कऐवजी ड्रम असेल तर शूची (ड्रमला आतून घासणाऱ्या पट्ट्यांची) धूळ फुंकून किंवा हवा मारून उडवू नका, ती फुप्फुसात जाते. ओल्या फडक्याने पुसा.

ऑइल बदलणं

दर दोन वर्षांनी. बाटलीच्या झाकणावर लिहिलेलाच ग्रेड घ्या, डबा सीलबंद असावा. उघडून महिनोन्‌महिने पडलेलं ऑइल वापरू नका. डॉट ५ सिलिकॉनचं असतं, ते डॉट ३ किंवा ४ मध्ये मिसळायचं नाही.

दोन माणसं लागतात. एक पेडल दाबून धरतो, दुसरा एअर निपल (चाकाजवळचा ऑइल सोडायचा स्क्रू) अर्धा फेरा उघडतो. पारदर्शक नळीतून काळपट ऑइल आणि बुडबुडे बाहेर येतात. निपल बंद झाल्यावरच पेडल सोडायचं. स्वच्छ ऑइल येईपर्यंत हेच चालू ठेवा, आणि मध्येमध्ये बाटली भरत राहा, ती रिकामी झाली की सगळं परत पहिल्यापासून. सहसा मागच्या डाव्या चाकापासून सुरुवात होते, मग मागचं उजवं, पुढचं डावं, शेवटी पुढचं उजवं. पण काही कंपन्यांचा क्रम वेगळा असतो, मॅन्युअल बघा. जुन्या गाडीत पेडलखाली लाकडाचा ठोकळा ठेवा. पेडल पूर्ण खाली गेलं तर मास्टर सिलिंडरचा आजवर न वापरलेला गंजका भाग रबर कापतो.

पावसाळ्यात गाडी आठवडाभर उभी राहणार असेल तर हँडब्रेक ओढू नका, शू ड्रमला चिकटतात. गिअरमध्ये ठेवून चाकाला वीट लावली तरी पुरते. रात्रभराच्या पावसानंतर सकाळी पहिल्या दोन-तीन ब्रेकला खरखर आली तर तो डिस्कवरचा गंज, आपोआप घासून जातो. दुपारपर्यंत टिकली तर पॅड काढून बघा.