उपक्रमाची वही: नाशिक जिल्ह्यातल्या नव्या शिक्षकांसाठी

नाशिक जिल्हा परिषदेच्या शाळेवर नव्याने रुजू झालेल्या शिक्षकाने पुरस्काराचा विचार पहिल्याच वर्षी करावा का? पुरस्काराचा नको, पण पुरस्कारासाठी जे पुरावे लागतात त्यांचा जरूर करावा. निवड समितीला शेवटी तीनच गोष्टी पाहायच्या असतात. जूनमध्ये मुलांना काय येत नव्हतं, मार्चमध्ये काय येतंय आणि मधल्या काळात शिक्षकाने नेमकं काय केलं. यातली पहिली गोष्ट जूनमध्येच नोंदवावी लागते. दहा वर्षांनी ती आठवून लिहिता येत नाही. चांगलं काम करणारे कितीतरी शिक्षक याच एका कारणाने मागे राहतात, आणि ते पाहून फार वाईट वाटतं.

आधी पायऱ्या समजून घ्या. राष्ट्रीय शिक्षक पुरस्कारासाठी 2018 पासून शिक्षकाने स्वतःच पोर्टलवर अर्ज भरायचा असतो. तो जिल्हा समितीकडून राज्य समितीकडे आणि तिथून राष्ट्रीय परीक्षक मंडळाकडे जातो. कंत्राटी शिक्षक आणि खासगी शिकवण्या घेणारे त्याला पात्र नसतात. राज्याचा क्रांतिज्योती सावित्रीमाई फुले राज्य शिक्षक गुणगौरव पुरस्कार आणि जिल्हा परिषदेचा आदर्श शिक्षक पुरस्कार यांचे निकष वेगळे असतात आणि बदलतातही, त्यामुळे दरवर्षीचं परिपत्रक मुळातून वाचा. व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या गोषवाऱ्यावर विसंबू नका. शिक्षणसेवकाच्या, म्हणजे नेमणुकीच्या सुरुवातीच्या मानधनावरच्या काळात खरं व्यासपीठ म्हणजे केंद्राची, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटाची शिक्षण परिषद आणि राज्य शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेची नवोपक्रम स्पर्धा. तिथे लिहिण्याचा सराव होतो.

आता हे पुरावे नोंदवायची वही. दोनशे पानी साधी वही पुरे. पहिल्या पानावर एकच अडचण लिहा, आणि ती मोजता येईल अशी लिहा. ‘मुलांमध्ये वाचनाची गोडी निर्माण करणे’ हे मोजता येत नाही. ‘तिसरीतली नऊ मुलं शब्दांवर अडकतात, परिच्छेद वाचत नाहीत’ हे मोजता येतं. सुरगाणा, पेठ या भागात घरात कोकणा आदिवासींची कोकणी बोली (गोव्याची कोकणी नव्हे) बोलली जाते आणि पुस्तकात प्रमाण मराठी असते. तिथे मूल अक्षरं ओळखतं पण अर्थाशी अडतं. म्हणून चाचणीत वाचन आणि आकलन वेगळं तपासा. दिंडोरी किंवा निफाडमध्ये हीच लक्षणं दिसली तरी कारण वेगळं असू शकतं.

चाचणी प्रत्येक मुलाला एकटं बसवून घ्या. साधारण साठ-सत्तर शब्दांचा, पाठ्यपुस्तकात नसलेला परिच्छेद द्या, कारण पुस्तकातला धडा मुलांना ऐकून पाठ झालेला असतो आणि आकडा फुगतो. मिनिटाला बरोबर वाचलेले शब्द मोजा, मग अर्थावर तीन प्रश्न विचारा. निपुण भारत या पायाभूत वाचन-गणिताच्या राष्ट्रीय अभियानात तिसरीच्या अखेरीस मिनिटाला किमान 60 शब्द अर्थासह वाचणं अपेक्षित आहे, तो आकडा समोर ठेवा. दर सहा आठवड्यांनी चाचणी पुन्हा घ्या, पण परिच्छेद नवा आणि तेवढ्याच अवघडपणाचा असू द्या. दुसऱ्यांदा सोपा उतारा दिला गेला तर दिसणारी प्रगती उताऱ्याची असते, मुलांची नाही.

या नोंदीत वर्गाची सरासरी काढू नका. समजा पट 22 आहे. सरासरी वाढली म्हणजे हुशार सात-आठ मुलं आणखी पुढे गेली, एवढाच अर्थ असू शकतो. त्याऐवजी लिहा: अडकलेल्या 9 पैकी 6 मुलं परिच्छेद वाचू लागली, 3 अजून नाहीत. त्या तिघांचं कारणही लिहा. अशी मागे राहिलेली मुलं लपवणारे प्रस्ताव अनुभवी परीक्षकाच्या लगेच लक्षात येतात.

आपल्या जिल्ह्यात एक अडचण हमखास येते, ती म्हणजे स्थलांतर. ऑक्टोबरच्या छाटणीपासून द्राक्षबागांच्या कामाला पश्चिमेकडच्या तालुक्यांतून कुटुंबं दिंडोरी, निफाडकडे जातात. मूल दोन-तीन महिने वर्गात नसतं. अशा मुलांची यादी वेगळी ठेवा. ती गेल्याची आणि परतल्याची तारीख, तसंच परतल्यावरच्या चाचणीचा निकाल लिहा. या मुलांसाठी तुम्ही काय केलंत, बागेजवळच्या शाळेत त्यांना बसवलंत का, त्यांच्यासोबत वाचनपट्ट्या दिल्यात का, हाच कित्येकदा तुमचा सर्वात मोलाचा नवोपक्रम असतो.

नवेपणाबद्दल नेहमी गैरसमज होतो. सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीचे रणजितसिंह डिसले यांना 2020 चा ग्लोबल टीचर पुरस्कार मिळाला. त्यांनी पाठ्यपुस्तकात क्यूआर कोड वापरले तेव्हा ते नवीन होते. आज बालभारतीच्या पुस्तकांत ते असतातच, त्यामुळे ‘क्यूआर कोडचा वापर’ हे शीर्षक कुणाला थांबवणार नाही. आपल्याच त्र्यंबकेश्वर तालुक्यातली हिवाळीची शाळा वर्षभर सुट्टीविना चालते आणि तिथली मुलं दोन्ही हातांनी लिहितात म्हणून सर्वदूर माहीत झाली. ती पाहायला जरूर जा. पण तिथून दोन हातांचं लेखन उचलून आणू नका. त्या वस्तीची गरज ओळखून शाळेचं वेळापत्रक कसं बसवलं, ते पाहून या.

अहवालाचा साचा ठरलेला आहे: शीर्षक, गरज व महत्त्व, उद्दिष्टे, नियोजन, कार्यपद्धती, यशस्विता, समारोप, संदर्भ, परिशिष्टे. सगळा जोर कार्यपद्धतीवर द्या. दुसऱ्या शाळेतल्या शिक्षकाला तेवढं वाचून उपक्रम करता आला पाहिजे: रोज किती मिनिटं, कोणत्या तासाला, गट किती मुलांचा, साहित्य कशापासून बनवलं, खर्च किती आला. कोणती गोष्ट चालली नाही म्हणून सोडून दिली, तेही लिहा. गरज व महत्त्वात शिक्षणाच्या व्याख्या भरू नका, तुमच्या वर्गाचे जूनचे आकडे द्या.

फोटो थोडेच ठेवा. आठ-दहा पुरतात, पण प्रत्येकावर तारीख आणि काय चाललंय याची एक ओळ हवी. रांगेत उभी केलेली मुलं आणि हातात फलक, अशा फोटोतून काहीच सिद्ध होत नाही. एकाच मुलाच्या वहीचं जुलैचं आणि फेब्रुवारीचं पान शेजारी ठेवलेलं अधिक बोलकं असतं. मुलांचे चेहरे, नावं बाहेर देण्याआधी पालकांची लेखी संमती घ्या. ती जूनच्या पालक सभेत घेतली की सोपं जातं. प्रशिक्षणांना हजर राहिल्याची प्रमाणपत्रं परिशिष्टात ढीगभर लावू नका. हजेरी म्हणजे काम नव्हे.

पडताळणीला कुणी आलं तर ते तुमच्यापेक्षा मुलांशी आणि शाळा व्यवस्थापन समितीच्या सदस्यांशी जास्त बोलतील. म्हणून समितीच्या इतिवृत्तात उपक्रमाचा उल्लेख वेळच्या वेळी यायला हवा, आणि केंद्रप्रमुखांच्या भेटीचा शेराही. मागच्या तारखेचे शेरे मागून घेऊ नका. शाई आणि अक्षर एकसारखं दिसलं की सगळ्या फायलीवरचा विश्वास जातो.

मुख्याध्यापक आणि केंद्रप्रमुखांसाठीही एक गोष्ट. उत्तम शिक्षक बहुधा स्वतः अर्ज करत नाहीत, दुर्गम पाड्यावरचे तर नाहीच. वर्गभेटीत वीस मिनिटं मागच्या बाकावर बसा आणि मुलं किती प्रश्न विचारतात ते मोजा. चुकलेल्या मुलाला शिक्षक काय म्हणतो ते ऐका. मग त्या शिक्षकाला शिक्षण परिषदेत अर्धा तास द्या आणि त्याची वही घेऊन यायला सांगा.